काळ्या घेवड्याचं प्यादं

अर्सेनियो मास्तरांच्या पटावर काळ्याचं एक प्यादं कमी होतं. त्याच्या जागी ते काळ्या घेवड्याचा एक दाणा ठेवत. मास्तरांना 'प्रोफे' म्हणणाऱ्या रेमेदियोस गावात याचं कुणाला नवल नव्हतं. समोरच्या उबाल्दो न्हाव्याकडे तर वजीर म्हणून पावडरची डबी उभी असे.

दर शनिवारी पाच वाजता रेडिओवरच्या बाई बुद्धिबळाचं कोडं सांगत. दोन चालींत मात शोधायची, फोन करायचा आणि सहाच्या आत रेडिओवर आपलं नाव ऐकायचं. गेले तीन शनिवार उबाल्दोचं नाव येत होतं. शेवटी मास्तरांनी भर रस्त्यात पैज लावली.

"आज सहाच्या आत रेडिओवर माझं नाव आलं नाही, तर ही मिशी तुझ्या खुर्चीत!"

चाळीस वर्षांची मिशी होती ती. उबाल्दो म्हणाला, "धार लावून ठेवतो, प्रोफे."

पाचच्या ठोक्याला मास्तरांनी परसात पट मांडला. बाई घरं सांगत गेल्या, मास्तर मोहरे ठेवत गेले. काळा राजा कोपऱ्यात, त्याच्या नाकासमोर घेवडा. समोर त्यांची आठ शिष्य मंडळी बसलेली.

"नियम काय?"

"हात मांडीखाली, तोंड बंद, आधी सगळा पट बघायचा!" पोरं एका सुरात ओरडली.

"शाब्बास." कॉफी उतू जायला लागली म्हणून मास्तर आत गेले. परत आले तेव्हा नऊ वर्षांची पाल्मिरा तोंड उघडून बसली होती.

"प्रोफे, ती कोंबडी..."

"श्श! विचार करताना बोलायचं नाही."

पाल्मिराने भुवया उडवल्या, हनुवटीने पटाकडे दाखवलं. हात मांडीखाली होते, त्यामुळे तिला याहून जास्त काही करता येईना.

मास्तर विचारात बुडाले. वजीर बळी देऊन घोड्याने शह द्यावा, तर राजा समोरच्या रिकाम्या घरातून निसटत होता. हत्ती आणावा, तरी तिथूनच. साडेपाच वाजले. पाल्मिरा म्हणाली, "प्रोफे, फक्त एक शब्द!"

"एकही नाही. एकाग्रता म्हणजे काय, ते माझ्याकडे बघून शिका."

पावणेसहाला मास्तर उठले. चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. त्यांनी थेट रेडिओला फोन लावला. "बाई, मी अर्सेनियो. तुमच्या कोड्यात मातच नाही. मी पूर्ण तपासलंय. तुमचं कोडं चुकलंय!"

मग बाई गोड आवाजात म्हणाल्या, "नाव पुन्हा सांगा बरं."

सहाला दहा कमी असताना रेडिओवर नाव आलं, ते उबाल्दोचं. मास्तर दिलेल्या शब्दाचे पक्के. ताठ मानेने रस्ता ओलांडून ते खुर्चीत जाऊन बसले. मागोमाग आठही पोरं दुकानात शिरली.

"विचार करा, प्रोफे," उबाल्दो म्हणाला. "सहाला अजून अवकाश आहे."

"पाच मिनिटांत काय आभाळ कोसळणार आहे? चालव."

साबण लागला. डाव्या बाजूची मिशी सर्रकन उतरली. तेवढ्यात दुकानातल्या रेडिओतून बाई बोलल्या, "जाता जाता एक गंमत. रेमेदियोसचे अर्सेनियो मास्तर कळवतात की आजच्या कोड्यात मातच नाही. मास्तर, राजासमोरचं प्यादं मांडलंत ना? राजाची वाट तेच अडवतं!"

उबाल्दोचा वस्तरा हवेतच थांबला. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहाला दोन मिनिटं कमी होती.

"सहाच्या आत तुमचं नाव आलं, प्रोफे. पैज तुम्ही जिंकलात." त्याने वस्तरा पुसून मिटला. "आता उरलेल्या मिशीला हात लावायचा मला हक्क नाही."

मास्तरांनी आरशात पाहिलं. आधी उजवीकडून, मग डावीकडून. मग सावकाश वळून म्हणाले, "पाल्मिरा, तू मघाशी काय सांगत होतीस?"

"आता बोलू?"

"बोल."

"कोंबडीने प्यादं खाल्लं."

सोमवारी वर्गातल्या फळ्यावर नियम नव्याने लिहिलेला होता: हात मांडीखाली, तोंड बंद. कोंबडी दिसल्यास लगेच ओरडावे.

फळ्याखाली मास्तर अर्ध्या मिशीला पीळ देत उभे होते. जिंकलेली मिशी उतरवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.