किसन लाइनमनचं चाक

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमचा किसन लाइनमन गच्चीवर जाते आणि प्लॅस्टिकच्या एका डब्याले कानटोपी घालते. लोकरीची, तांबडी, हनुवटीखाली बंद बांधायची. थंडी वाढली की वरून मफलर. स्वतः मात्र बोडक्या डोक्यानं, बनियनवर जुना खाकी शर्ट चढवून फिरते. मी एकदा म्हणलं, "अबे, ते टोपी तुया डोक्यात घाल न."

तर म्हणते, "माया डोक्यात थंडीनं बिघडण्यासारखं हायच काय? त्याच्या डोक्यात चोवीस आरे हाय."

तो डबा म्हणजे चाकाचं डोकं, अन् चाक म्हणजे अशोकचक्र. लोखंडाचं कडं, माणसापेक्षा उंच, आत निळ्या लाइटच्या चोवीस पट्ट्या. डब्यातली सर्किटची पाटी एकेक आरा लावत अन् विझवत जाते, म्हणून दुरून चाक फिरल्यासारखं दिसते. सव्वीस नोव्हेंबरले, संविधान दिनाले, किसन ते गच्चीवर उभं करते अन् सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन झालं की उतरवते. तिवस्याच्या रोडवरून जाणारा माणूसही गाडी हळू करून पाहते.

आमच्या वस्तीत घरं तेवीस. एकेका घराच्या नावानं एकेक आरा अन् चोविसावा विहाराचा. हे वाटप किसननंच केलं, कोणाले विचारलं नाही. तीस वर्षं अकोल्याले बिजलीच्या खात्यात खांबावर चढला, तेव्हापासून त्याले एकच शब्द येते, 'सिस्टीम'. आऱ्यांची सिस्टीम अशी, की पहाटे चाक सुरू करताना ज्याचा आरा अंधारात राहिला, त्याच्या नावानं हा गच्चीवरून बोंब ठोकते.

"ए मिस्तरी! तुया आरा गेला!"

साऱ्या गल्लीले ऐकू जाते. आपली म्हैस लोकाच्या वावरात शिरल्यावर जशी लाज वाटते, तशी वाटते. मंग गोधडी टाकून वर जा, थंडगार वायर हातात धरून उभं राहा.

"ज्याचा आरा त्याचा हात. सिस्टीम हाय, मिस्तरी."

मी गवंडी माणूस. माया हाताखाली उभ्या राहिलेल्या भिंती अजून उभ्या हाय. मले कोणी वायर धराले उभं करावं, हे काही बरं दिसत नाही. पण जात होतो.

माणसांकडेही तो बिजलीच्याच नजरेनं पाहते. आमची बुढी अंगणात बसली दिसली की म्हणते, "वहिनी, आज लो व्होल्टेज दिसून राहिल्या."

बुढीही काही कमी नाही. "तुमी आले की फ्यूजच उडते, भाऊजी," म्हणते, अन् चहा ठेवते.

आता थंडीचं सांगतो. मी सेमाडोहले जंगलातल्या बांधकामावर दोन हिवाळे काढले. तिथली थंडी कडक, पण कोरडी. आमच्याकडची थंडी ओली. पहाटे कपाशीवर, तुरीवर, पत्र्यावर सगळीकडे दव. उन्हाळ्यात दोरीसारखी वळणारी वायर पौषात काडीसारखी ताठ होते अन् जोर लावला की तडकते. किसननं काय काय नाही केलं! एका वर्षी पिनांना पाणी लागू नये म्हणून खोबऱ्याचं तेल लावलं. पहाटे ते गोठून बसलं अन् करंटच पुढे जाईना. त्या दिवशी तेवीसही घरांच्या नावानं बोंब झाली. फक्त विहाराचा आरा जळत होता. तेव्हापासून तो वायरीचा झोल खाली सोडते, म्हणजे दवाचं पाणी पिनेकडे न जाता झोलावरून गळून जाते. डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवते, ओल पिऊन घ्याले.

चाक रात्री दहाले बंद. "त्यालेही झोप पायजे," म्हणते. अन् पहाटे साडेपाचले सुरू. मी किती वेळा सांगितलं, रातभर चालू ठेव, डबा गरम राहीन. ऐकलं तर किसन कसला! पहाटे डब्यावर हात ठेवून विचारते, "झोप झाली का, बेटा?" अन् बटन दाबते. सातआठ आरे अंधारातच राहतात, चाक एक गिरकी मारते अन् थांबते. की सुरू झाली बोंब.

पण खोटं काहून सांगू, त्या गच्चीवर मजा होती. कोणी भाजलेले हरभरे आणी, कोणी लेकीच्या सोयरिकीचं काढी, कोणी गुडघ्याचं. किसन टेस्टर घेऊन मधात, अन् आजूबाजूले आमी सातआठ जण वायरी धरून. अर्ध्या तासात चाक फिरू लागे, पण खाली कोणी उतरत नसे. किसन सगळ्यांच्या हातात चहा देई अन् ओरडे, "वायरीले हात नका लावू आता! करंट कोनाचा पाहुना नाई!"

यंदा मात्र चाकानं ताळच सोडला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात सलग तीन पहाटा बंद. तिसऱ्या दिवशी विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, आमचे रिटायर मास्तर, स्वतः वर आले. विहाराचा आरा गेला होता, म्हणजे सिस्टीमप्रमाणे त्यांचाच हात.

वायर धरून मास्तर म्हणाले, "किसन, पुरे आता. झेंडावंदनाले बाहेरगावचे पाहुणे येणार. यापुढे एकदा जरी चाक थांबलं, तर अमरावतीहून रेडिमेड चाक आणू. दरवर्षी तेच लावू, विहाराच्या गच्चीवर."

किसननं टेस्टर खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"रेडिमेड चाकाच्या आऱ्यावर कोनाचं नाव राहीन, मास्तर?" त्यानं विचारलं.

"नाव कशाले पायजे? उजेड पडला म्हणजे झालं."

मले रात्रभर झोप नाही. मास्तर शिकलेला माणूस, पण चाकावरची नावं त्याले कळली नाही. अन् चाक काहून थांबते, हे मले माहीत होतं. ती काही बिजलीची गोष्ट नाही, भिंतीची गोष्ट हाय. मातीच्या भरावाले भिंत बांधली की आमी तिच्या पायाशी भोकं ठेवतो. आतलं पाणी त्यातून निघून जाते. भोकं नाही ठेवली, तर भिंत फुगते. किसननं डबा चारही बाजूंनी बंद करून टाकला. दिवसाची दमट हवा आतच कोंडते, पहाटे तिचं पाणी होते अन् पाटीवर बसते. तांदूळ पिऊन पिऊन किती पिणार! डब्याच्या बुडाले भोक पाडलं की काम फत्ते. मी हे त्याले दहा वेळा सांगितलं होतं. तो म्हणे, "मिस्तरी, तू भिंती पाहा."

दुसऱ्या दिवशी पहाटे दव कमी होतं, चाक कसंबसं फिरलं. दुपारी किसन वायर आणाले तिवस्याले गेला अन् मी हातड्रिल घेऊन त्याच्या गच्चीवर चढलो. चोरून गेलो म्हणा. पण मायं म्हणणं खरं करूनच दाखवणार होतो.

टोपी काढली, डबा उलटा केला. बुडाले दोन भोकं होती. आधीचीच. ड्रिलच्या धारदार बिटानं पाडलेली, गोल, किनार घासलेली. लाइनमनच्या हातचं काम. अन् दोन्ही भोकं आतून मेणानं बुजवलेली. मेण ताजं होतं. त्यावर अंगठ्याचा ठसा होता.

मले असा राग आला, की डबा गच्चीवरून फेकून द्यावा! दीड महिना आमाले पहाटे गोधडीतून उठवलं या माणसानं. माये गुडघे, मास्तरचा खोकला, साऱ्यांना थंडीत उभं केलं. सारं माहीत असून!

मंग कठड्याजवळ नजर गेली. धुतलेले आठ ग्लास एका ओळीत पालथे घातले होते. या घरात राहणारं माणूस एकच. बायको गेल्याले चार वर्षं झाली, लेक अकोल्याले सासरी. ज्या दिवशी चाक पहिल्या बटनाले फिरे, त्या पहाटे वर कोणीच जात नसे. मीही नाही. खालून पाहायचं, 'लागलं बावा एकदाचं' म्हणायचं अन् पुन्हा गोधडीत शिरायचं.

पण आता चाक एकदा जरी थांबलं असतं, तर अमरावतीचं रेडिमेड आलं असतं. मी खिळ्यानं मेण कोरून काढलं, तांदळाची पुरचुंडी जागेवर ठेवली, डब्याले टोपी घातली अन् खाली उतरलो. मेण उकिरड्यावर फेकलं.

दुसऱ्या पहाटे चाक पहिल्याच बटनाले फिरलं. तिसऱ्या पहाटेही. दवानं पत्रे गळत होते, अन् चाक आपलं निळं निळं फिरत होतं. मास्तर खुश. "किसननं मनावर घेतलं म्हणायचं," सगळीकडे सांगत सुटले. अमरावतीचा विषयच मिटला. गल्ली सात वाजेपर्यंत झोपू लागली. किसननं मले काही विचारलं नाही. पण मेण पुन्हा भरलं नाही, एवढं खरं.

चौथ्या पहाटे मी अंगणात आलो. किसन कठड्याशी उभा होता. हातात चहाची भगुनी. खाली गल्लीत पाहत होता. बोंब ठोकाले एकही नाव नव्हतं.

मी घरात गेलो. बुढीनं पांघरुणातूनच विचारलं, "कुठी चालले? चाक तर चालू हाय."

"तू झोप," म्हणलं, अन् गोधडी अंगावर घेऊन त्याचा जिना चढलो.

मले पाहून किसन म्हणाला, "काहून आला? आज काही बंद नाई."

"माया आरा मले मंद वाटून राहिला."

किसननं चाकाकडे पाहिलं. मीही पाहिलं. माया आरा लागला, विझला, पुन्हा लागला. डोळे दिपत होते एवढा उजेड.

किसननं भगुनी खाली ठेवली, टेस्टर काढला अन् पट्टीच्या एकेका जोडावर टेकवून पाहिला. घाई नाही. वायर माया हातात दिली. मी धरून उभा राहिलो. असा अर्धा तास गेला. मंग त्यानं दोन ग्लास सुलटे करून चहा ओतला.

"कनेक्शन जरासं ढिलं हाय," तो चाकाकडेच पाहत म्हणाला. "एका दिवसाचं काम नाई हे. उद्याही या लागन."

"येतो," मी म्हणलं.