लाल पायांचा शेकाट्या

गुरव मास्तर आधी डाग रंगवतात, पक्षी नंतर.

म्हणजे असं. रद्दीवाल्याकडे त्यांना विलायतेत छापलेलं पक्ष्यांचं एक जुनं पुस्तक मिळालं. पुठ्ठा गेलेला, पानं सुटी, प्रत्येक पानावर एक पक्षी आणि भरपूर बुरशी. मास्तर त्या पानांच्या हुबेहूब नकला करतात. हुबेहूब म्हणजे बुरशीचे तपकिरी ठिपके, कोपऱ्यातलं ओलीचं वर्तुळ, कसरीने पाडलेलं भोक, सगळं. भोक तर इतकं खरं, की मी पहिल्यांदा त्यात नख घालून पाहिलं.

"मूळ बघ, मूळ!" मास्तर ओरडले. "डाग मुळात आहे. मी कोण तो पुसणारा?"

हे मास्तर शाळेतले नव्हेत. कामतघरच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं लूमसाठी साडीच्या काठांची डिझाइनं चौकटीच्या कागदावर उतरवली. एक चौकट चुकली तर हजार साड्यांवर चूक विणली जाते, ही भीती त्यांच्या हाडात मुरलेली. पक्षीही ते त्याच चौकटी मोजत उतरवतात. कल्याणहून एक फ्रेमवाला आला, म्हणाला, "काका, डागांशिवाय करून द्या ना, हॉटेलवाले घेतील." मास्तर म्हणाले, "डाग नको तर साबण घे जाके. इथे पक्षी मिळतो."

मी त्यांच्याकडे गेले ते पोस्टर मागायला. राहनाळकडे खाडीला लागून आमची खार आहे, भरतीचं पाणी शिरणारी चिखलाची जमीन. तिथे मातीचा भराव घालून गोदाम बांधायचं ठरलं होतं. डंपर येऊन उभेही राहिले होते. कंपनीच्या अहवालात एक ओळ होती: सदर जागा ओसाड असून पक्ष्यांचा वावर आढळला नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने गाडीची काच तरी खाली केली होती का? मी त्यावर चार पत्रकं काढली. लोकांनी त्यात भजी खाल्ली.

"मास्तर, पक्षी काढा आणि चोचीतून लिहा, 'आम्हाला वाचवा'."

"ए पत्रक," मास्तर म्हणाले. त्यांनी मला सायली म्हणून कधी हाक मारली नाही. "मुळात हा बोलतो का?"

"नाही, पण..."

"मग इथे पण नाही बोलणार."

मी चिडले. जनसुनावणी परवावर आली होती आणि हा माणूस बुरशीशी इमान राखत बसला होता! शेवटी त्यांनी आपल्या अकरा नकला दिल्या, वर अट घातली: चित्रांबरोबर ते स्वतः येणार आणि कोणी हात लावायचा नाही.

सुनावणी गावच्या शाळेत होती. आम्ही चित्रं फळ्याखाली मांडली. कंपनीचा सल्लागार आला, चष्मा वर करून हसला. "साहेब, ही तर इंग्लंडमधली चित्रं. मागे डोंगर बघा, ओकची झाडं बघा. याचा इथे काय संबंध?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इथले मेलेले, वाळवलेले पक्षी बोटीने तिकडे न्यायचे आणि ते समोर ठेवून चित्रं काढायची, अशी त्या काळची रीत. हे मला माहीत होतं, पण सिद्ध कशाने करणार? खार माझ्या डोळ्यांदेखत हातची चालली होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हिरूबाई उठल्या. खाडीत खेकडे धरणाऱ्या बाई, सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या. थेट शेकाट्याच्या चित्राकडे आल्या आणि त्याच्या लांब पायांवर बोट ठेवलं.

"याचं पाय पिवलं कोनी केलं?"

मास्तर ताडकन उभे राहिले. "हात लावू नका बाई! मुळातच पिवळे आहेत."

"तुजा मूल गेला खड्ड्यान. लाल हायेत लाल. उकडलेल्या कोलंबीसारखं. मी रोज बघतंय."

"आणि ही ढोकरी," दुसरी बाई पुढे सरसावली, "पावसात हिची पाठ विटकरी व्हते. इथं मातकटच दावलीय."

बघता बघता अकरा चित्रांभोवती गर्दी झाली. याची चोच आखूड, तो असा एकटा न्हाय बसत, याच्यामागं डोंगर कशाला, मानकोलीचा पूल काढा की! मास्तर प्रत्येकाला "मूळ बघा, मूळ" म्हणत होते आणि कोणी ऐकत नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "बाई, तुम्ही हा पक्षी रोज कुठे बघता?"

"कुठं म्हंजे? खारीन! जिथं यांचं डंपर हायेत उभं."

ते त्यांनी लिहून घेतलं. एकेकाचं, एकेका पक्ष्याचं, सगळं. जी चूक परदेशातल्या चित्रकाराने वाळलेले पाय पाहून केली होती, ती पकडायला रोज जिवंत पक्षी बघणारी माणसंच लागतात. सल्लागाराचा चष्मा खाली आला.

आणि मास्तर? त्यांनी खिशातून कुंचला आणि रंगाची डबी काढली, कुंचला चहाच्या कपात बुडवला, डबीच्या झाकणात रंग कालवला आणि हिरूबाईंना विचारलं, "किती लाल?"

"आनखी."

"एवढा?"

"आनखी थोरा. हां, बस."

भर सुनावणीत शेकाट्याचे पाय लाल झाले. अधिकारीही मान वर करून बघत होते.

पंधरा दिवसांनी आदेश आला: भराव बंद, पाहणी नव्याने. डंपर परत गेले. जिंकलो! गुलाल उधळला, बेंजो वाजला, मी आयुष्यातलं सर्वात छोटं पत्रक काढलं, त्यात एकच शब्द होता: थांबवलं. मिरवणुकीत मास्तर मात्र दिसेनात.

सापडले खारीच्या बांधावर. समोर चिखलात पाच-सहा शेकाटे लाल पाय उचलत चालले होते. चाळीस वर्षं खिडकी नसलेल्या खोलीत काढलेल्या या माणसाने आजवर एकही जिवंत शेकाट्या पाहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. जवळ ना कागद, ना कुंचला.

"काढत नाही, मास्तर?"

"नंतर. हिरूबाई भाकऱ्या आणायला गेल्यात. जेवून जा म्हणाल्या."

"बरं."

"जेवल्याशिवाय जाऊ नको म्हणाल्या," ते पुन्हा म्हणाले. पक्षी उडाले, गोल फिरून परत तिथेच उतरले. खानावळीच्या डब्यावर जन्म काढलेल्या मास्तरांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि वाटेकडे बघत तेच तिसऱ्यांदा सांगितलं. मी काही विचारलंही नव्हतं.