यष्टीनं गेला तोच गेला

आमच्या गावाची लोकसंख्या रोज सकाळी आठला घटायची आणि संध्याकाळी साडेपाचला वाढायची. थापा मारत नाही! यष्टीच्या थांब्याच्या भिंतीवर गावातल्या म्हाताऱ्या नानांनी काळा चौकोन रंगवला होता, त्यात खडूनं आकडा. खडू अर्थात माझ्या शाळेतून ढापलेले. मी तिथला मास्तर.

चांदवडची गाडी दिवसातून दोनदा यायची. चढले तेवढे वजा, उतरले तेवढे अधिक. मोटारसायकल, टेम्पो, काळी-पिवळी जीप यांना नानांच्या लेखी किंमतच नव्हती.

"यष्टीनं गेला का? नाय ना? मग हितंच हाय!"

मेलेल्यांना तेवढी ही अट नव्हती, त्यांना नाना लगेच वजा करत. पण गणपत शिंपी टेम्पोत बिऱ्हाड टाकून नाशिकला गेला, तो नानांच्या हिशेबी तीन वर्षं गावातच होता. जत्रेला तो यष्टीनं आला, तर नानांनी आकडा वाढवला नाही.

"अहो, मी गंगापूर रोडला राहतो आता!" गणपत ओरडला.

"ऱ्हा की. कोण नाय म्हनतंय?"

जाताना तो यष्टीत चढला, तेव्हा कुठे एक कमी झाला.

दोन हजार एक साली शिरगणतीचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. माझा आकडा नानांच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी भरला. "सरकारचं गणित कच्चं हाय, गुरुजी," नाना म्हणाले. मी वैतागून त्यांच्याच घरी फॉर्म उघडला. नाना विधुर, घरात एकटे.

"माणसं किती?"

"दोन."

"दुसरं कोण?"

"सुमन."

माझं पेन थांबलं. सुमन त्यांची मुलगी. मनमाडच्या एका पोराबरोबर त्याच्या फटफटीवर बसून पळून गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. "पुन्हा या गावात पाय ठेवायचा नाय!" असं नानाच थांब्यावर उभे राहून बोंबलले होते, अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

"नाना, ती इथे राहत नाही."

"यष्टीनं गेली का?" त्यांनी विचारलं, पण आवाजात नेहमीची गुर्मी नव्हती. मी फॉर्मवर 'एक' लिहिलं. त्या दिवशी त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

पुढे जीपा वाढल्या, यष्टी रिकामी धावू लागली आणि गाडी बंद होणार अशी आवई उठली. झालं! नाना रोज सकाळी स्वतःला वजा करून चांदवडला जाऊ लागले. दिवसभर स्टँडवर बसायचे आणि संध्याकाळी येऊन स्वतःला पुन्हा मिळवायचे.

"चांदवडला काय काम असतं हो रोज?" मी विचारलं.

"काम कशाला पायजे? गाडीत मानूस दिसला पायजे. उद्या कुनी यायचं म्हनलं तर कशानं येईल?"

"जीपनं."

"तिला जीप लागती. लय उलट्या होतात," नाना बोलून गेले आणि घाईघाईनं खडू शोधू लागले. मला वाईट वाटलं. या म्हाताऱ्याला आपण उगाच हसलो.

एका संध्याकाळी साडेपाचच्या गाडीतून नाना उतरले, तर कडेवर वर्षाची पोर. मागून पिशवी घेऊन सुमन. आमच्या गाडीचा कंडक्टर मनमाडचा. भिंतीवरचा आकडा कसा बनतो आणि नाना दिवसभर चांदवडच्या स्टँडवर बसून असतात, ते त्यानंच तिला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं.

पोरीला कडेवर तशीच ठेवून नानांनी सकाळचा 'आठशे अकरा' पुसला आणि 'आठशे तेरा' लिहिला. माझ्यातला मास्तर गप्प बसेल तर शपथ!

"नाना, एक चुकला. तिघं उतरलात."

"मी एक. ही बाळी एक."

"आणि सुमन?"

नाना माझ्यावर खेकसले, "ती कवा गेली व्हती?"

सुमन थांब्याच्या कट्ट्यावर बसून हमसाहमशी रडायला लागली. मी मान खाली घातली. आकडा बरोबर होता.