शिवदासांची तीन एरियलं

गणपतीची चवथ आठवड्यावर आली आणि शिवदास गावकर माटोळीच्या तयारीला लागले. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या, रानफळांनी सजवलेल्या माटोळीची गावात स्पर्धा असे, आणि सलग तीन वर्षं शिवदास दुसरे आले होते. पहिला नंबर शेजारच्या बाबुरावांचा. शिवदासांचे मेहुणे महादेव दोडामार्गच्या रानात दुर्मीळ फळं हेरून फोनवर जागा सांगत. पण शिवदास पोचेपर्यंत वेल ओरबाडलेली!

यंदा कोडं सुटलं. बाबुरावांच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभं असताना शिवदासांना त्यांच्या रेडिओतून स्वतःच्या बायकोचा आवाज ऐकू आला. आनंदीबाई फोनवर बहिणीला नेवऱ्यांचं सारण सांगत होत्या. भावाने कुवेतहून आणलेला कॉर्डलेस फोन शेजारच्या रेडिओवर वाजत होता!

त्यांनी तडक डिचोली बाजारातल्या साईश रेडिओवाल्याला गाठलं. साईशने कौलांवर तीन एरियलं उभारली.

"एकातसून तुमचा बोलणा, दोनांतसून घरघर," त्याने समजावलं. "बाबुरावांक निसती घरघर. तुळशीकडे मात्र ती घरघर एकामेकाक मारता. थंयच उभे रावन उलयात. दोन पावलां सुदीक हालूं नाकात, काका!"

संध्याकाळी महादेवांचा फोन आला. शिवदास तुळशीला चिकटून उभे राहिले. आवाज अगदी स्वच्छ. पलीकडे बाबुरावांचा रेडिओ नुसता खरखरत होता. शिवदासांना मनातून गुदगुल्या झाल्या.

"भावजी, एकाच वेलीर हिरवी, पिवळी, लाल कवंडळाची फळां गावलीत. जागा सांगतंय..."

"ओ, सरात बगूं," आनंदीबाई निरांजन घेऊन आल्या. "तिनसांज जाली. दिवो लावंक दियात."

"मागीर लाव गे!"

"तुळशीक मागीर म्हणतात? चवथ तोंडार आसताना?"

शिवदास बाजूला झाले आणि कानात घरघर कोसळली. ते आणखी सरकले, घरघर आणखी वाढली. सरकता सरकता पाठ गडग्याला टेकली. समोरचं ऐकू येईना की आपणच ओरडायचं, ही त्यांची ट्रंककॉलच्या काळातली सवय.

"खंय? मोडक्या पुलापलतडी? उजव्या हाताक? किंदळाच्या झाडार? फाल्यां धा वाजतां येतंय!"

दुसऱ्या दिवशी दहाला ते पोचले. किंदळ उभा होता, वेल नव्हती. महादेव कपाळाला हात लावून बसले होते.

चवथीला रीतीप्रमाणे शेजाऱ्यांकडे दर्शनाला जावंच लागलं. परीक्षक येऊन गेले होते. बाबुरावांच्या माटोळीत कवंडळं लोंबत होती: हिरवी, पिवळी, लाल. शिवदासांनी हातातली नेवरी ताटलीत परत ठेवली.

"बाबुराव, तुमचो रेडिओ..."

"तो खंयचो? तुमची एरियलां लागल्यापसून निसती घरघर. माळ्यार घातलो तो."

"मगे तुमका कळला कसा?"

बाबुरावांनी आग्रहाने दुसरी नेवरी वाढली.

"शिवदासबाब, देवासमोर खोटा कशाक सांगू? रेडिओर अर्धा समजायचा, अर्धा रानात सोधूचा पडायचा. यंदा तुमी आमच्याच गडग्याक टेकून सगळा सांगितलात. ती एरियलां मात्र काडूं नाकात हां!"