भोपळ्याच्या सूपवरचा शेरा

छत्तीस वर्षं मी कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले. निवृत्त झालो, टेबल गेलं, शिपाई गेला, लाल पेन मात्र खिशात राहिलं. (ते कचेरीचं होतं, पण कुणी मागितलं नाही.)

एका मंगळवारी मी ठरवलं, आज जेवण बाहेरून मागवायचं. आमच्याकडे सोमवारी बटाटा, मंगळवारी कोबी, असा क्रम. चाळीस वर्षांच्या संसारात कोबीनं एकदाही रजा घेतलेली नाही. मागच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई डबे देतात असं कळलं होतं. फोन केला.

डब्यातून निघालं भाजलेल्या भोपळ्याचं घट्ट सूप. वर तळलेला लसूण, मिरपूड. पहिल्याच घोटाला मी चमचा खाली ठेवला. (आदरानं.)

"अगं, हे खाऊन बघ! याला म्हणतात स्वयंपाक!"

बायकोनं दोन चमचे घेतले. "लसूण जरा जास्त नाही वाटत?"

"छे! लसणातच तर सगळी मजा आहे. तुला सुचलं असतं का असलं काही?"

"मला मेलीला कुठलं सुचायला," असं म्हणून ती भांडी घासायला गेली.

त्या आठवड्यात मी तेच सूप तीनदा मागवलं. तिसऱ्या वेळी घोट घशाखाली उतरताना आमची पहिली खोली डोळ्यांसमोर आली. फुरफुरणारा स्टोव्ह, वाफेनं धुरकटलेली खिडकी आणि दर शनिवारी कुठूनशी नवी कृती वहीत उतरवून आणणारी नवी नवरी. मी पहिला घास घ्यायचो तेव्हा ती हात पुसायचं फडकं मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. ते शनिवार कधी बंद पडले, काही केल्या आठवेना. ते पुन्हा यावेत असं मात्र फार वाटलं. हीच कृती तिच्या हाती दिली तर सुरुवात होईल, म्हणून मी थेट नर्सबाईंच्या दारात गेलो.

"कृती? ती काय, भिंतीवर चिकटवलीय!"

शेगडीच्या वर वहीचं पिवळं पडलेलं पान होतं. अक्षर माझ्या बायकोचं. खाली लाल शाईत शेरा: 'लसूण अति. भोपळ्याचे प्रयोजन स्पष्ट होत नाही. नामंजूर.' त्याखाली माझी सही, तारखेसह. (सही झकास होती.)

"तुमच्या घरून ही वही रद्दीत निघाली होती," नर्सबाई म्हणाल्या. "फिरायला आम्ही दोघी बरोबरच जातो ना, मी मागून घेतली. एकेचाळीस कृती आहेत, सगळ्या नामंजूर. ज्यावर शेरा मोठा, ती मी आधी करते. लोक डबा चाटूनपुसून परत देतात हो!"

घरी येऊन मी रीतसर अर्ज लिहिला: 'पूर्वीचे सर्व आदेश चुकीचे होते. ते रद्द समजून शनिवार पूर्ववत सुरू व्हावेत, ही नम्र विनंती.' अर्ज, आणि वर लाल पेन, बायकोपुढे ठेवलं.

तिनं चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"इतकी वर्षं लागली होय?"

"फाइल मागे पडली होती."

"आणि मी वही टाकली तरी पत्ता नव्हता तुम्हाला!"

मी अर्जावरचं लाल पेन उचलून तिच्या हातात दिलं. तिनं पेन उघडलं आणि अर्जावर लिहिलं: 'विचाराधीन. दरम्यान अर्जदाराने कांदा चिरावा.'

शनिवारी मी ओट्याशी उभा राहिलो. कोपऱ्यात भोपळ्याची फोड दिसत होती, म्हणजे प्रकरण अगदीच हातचं गेलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. (कांद्याचं. इतर कारणांची नोंद नाही.) चिरून झाल्यावर मी ताटली तिच्यापुढे धरली आणि हात पुसायचं फडकं मुठीत घेऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिनं निरखून पाहिलं. मग अर्ज पुढे ओढला, लाल पेन उचललं आणि लिहिलं: 'कांदा जाड. बारीक चिरून पुन्हा सादर करावा.'

खाली सही. तारखेसह.