चिंदरकरांना पाहायला बोट आली

तारकोणी बंदरात माणसं बोट निवडत नाहीत, बोट माणसं निवडते. म्हणून मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी दहा वाजता बेचाळीस फूट लांब आणि तेवीस फूट रुंद अशी एक कॅटमरान, म्हणजे दोन धडांची बोट, भालचंद्र चिंदरकरांना पाहायला त्यांच्या घरी आली.

ही तिसरी बोट. बंदर कार्यालयाचा नियम असा की, बोटीवर कायमचं राहायला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला तीनच बोटी पाहायला येतात. तिन्हींनी नाकारलं की नाव कमी होतं आणि पुन्हा अर्ज करता येत नाही. पहिली बोट सडपातळ होती, एका धडाची. तिने लोणच्याच्या बरण्या मोजल्या, “कळवते” म्हणाली आणि कळवलं नाही. दुसरीने चिंदरकर घोरतात का ते विचारलं. त्यांच्या बायकोने, शालनताईंनी, खरं ते सांगितलं. तिनेही कळवलं नाही.

चिंदरकर एसटीच्या आगारात वाहतूक नियंत्रक होते. एकतीस वर्षं खिडकीत बसून त्यांनी गाड्या सोडल्या. पणजी सोडली, बेळगाव सोडली, तुळजापूर सोडली. स्वतः ते एकदाच कोल्हापूरपर्यंत गेले होते, तेही दाढ काढायला. दुसऱ्याला वाटेला लावण्यात जन्म गेलेल्या माणसाला एकदा तरी आपण निघावं असं वाटणारच. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल घेऊन ते घरी आले आणि म्हणाले, “शालन, आता आपण निघायचं.” शालनताई म्हणाल्या, “चला. पण स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर हवं आणि त्याला खिडकी हवी. तळात बसून मी मासे तळणार नाही.”

तेव्हापासून त्यांनी वहीत बोटींचा अभ्यास मांडला होता. दोन धडांची बोट कलंडत नाही, म्हणून चहा सांडत नाही. तिला पाणी कमी लागतं, म्हणून ती किनाऱ्याला खेटून उभी राहते. एका धडात आपण झोपायचं, दुसऱ्यात पाहुणे, आणि मधल्या पुलावर स्वयंपाकघर. वहीच्या शेवटच्या पानावर लक्षद्वीपचा नकाशा होता. तो त्यांनी कोणालाच दाखवला नव्हता.

स्थळ आणलं होतं आबा तोडणकरांनी. आबा पूर्वी माणसांची लग्नं जमवत. माणसं आपापली जमवू लागल्यावर ते बोटींकडे वळले. आदल्या दिवशी येऊन त्यांनी दोघांना बजावलं, “तुमी दोगांनी गप ऱ्हवायचा. थोरली काय विचारीत ताच सांगायचा. फुडचा मी बघतंय.”

थोरली म्हणजे बोटीचं उजवं धड. डावं ती धाकटी. दोघी एकाच पुलाने जोडलेल्या, पण बोलायची ती थोरली.

बोट गल्लीत मावावी म्हणून दोन्ही बाजूंची कुंपणं काढली होती. शेजारच्या गावड्यांनी कुरकुरत का होईना, आपली जास्वंद छाटू दिली. वायरमनने बांबूने तारा उचलून धरल्या, तेव्हा डोलकाठी खालून निघाली. शालनताईंनी दोन्ही धडांवर पाय धुवायला म्हणून दोन दोन बादल्या पाणी घातलं. बोट अंगणात टेकली. कोकणातलं अंगण ऐसपैस असतं, तरी फणसाची एक फांदी वाकवून बांधावी लागली.

“नोकरी?” थोरलीने विचारलं.

“एसटीत. नियंत्रक,” चिंदरकर म्हणाले.

“बदल्या फार झाल्या असतील.”

“एकही नाय!” आबांनी मधेच तोंड घातलं. “एकतीस वर्सां एकच खिडकी. खुर्चीसुदा तीच.”

“घर?”

“वडिलांपासून हेच,” शालनताई म्हणाल्या. नवऱ्याची बाजू मांडायची तर जीव तोडून मांडावी, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. “लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे रात्री घराबाहेर म्हणून राहिले नाहीत. सिनेमाला गेले तरी मध्यंतरात परत यायचे.”

“फिरण्याची आवड?”

इथे चिंदरकरांनी तोंड उघडलं. लक्षद्वीप अगदी ओठांवर आलं होतं. आबांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

“कसली आवड!” आबा म्हणाले. “माणूस म्हंजे गाय. सोडून दिलात तरी सांजेक गोठ्यात हजर.”

चिंदरकर हसले. पाहण्याच्या कार्यक्रमात आपली तारीफ चालू असताना माणूस दुसरं काय करणार? स्थिर, निर्व्यसनी, एका जागी टिकणारा. स्थळासमोर माणसाचं असंच सांगायचं असतं. ओढ, हौस, वेड या गोष्टी लग्नानंतर हळूहळू बाहेर काढायच्या असतात.

बोटीने थोडा वेळ विचार केला. “कळवते” मात्र म्हणाली नाही.

“आम्हाला पसंत आहे,” थोरली म्हणाली. “आजच सुपारी फोडून टाकू.”

शालनताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी सुपारी फोडली. दोन्ही धडांच्या टोकांवर साखर ठेवली. धाकटीच्या टोकावरची साखर मुंग्यांनी आधी खाल्ली, म्हणून गावडेकाकू म्हणाल्या की धाकटी गुणाची आहे. सगळं नीट पार पडलं आणि मग चिंदरकरांनी इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न विचारला.

“मग निघायचं कधी?”

“कुठे?” थोरलीने विचारलं.

चिंदरकरांनी समुद्राच्या दिशेने हात केला.

“बावीस वर्षं आम्ही पाण्यात आहोत,” थोरली शांतपणे म्हणाली. “एडन झालं, मालदीव झालं. या वर्षात आम्ही अकरा घरं पाहिली. एकूणएक माणसाला कुठेतरी जायचं होतं. एकाने तर आमच्यासमोर भिंतीवर नकाशा टांगला होता. आम्ही खूप दिवसांपासून अशाच घराच्या शोधात होतो. हे अंगण छान आहे. सावली आहे.”

चिंदरकर दुसऱ्या दिवशी बंदर कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी कागद पाहिले.

“सुपारी फुटली का?”

“फुटली.”

“मग नकाराचा रकाना नाही. आणि एका महिन्याच्या आत बोटीवर राहायला जायचं. मुक्कामाचं बंदर लिहा.”

“ती अंगणात आहे.”

“मग अंगण लिहा,” बाई म्हणाल्या. “स्पेलिंग सांगू नका, मराठीत चालतं.”

त्या संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून चिंदरकर रडले. कोणी गेल्यासारखं नाही, पण चांगले रडले. शालनताई शेजारी बसून राहिल्या. “माझीच जीभ फार चालली,” त्या म्हणाल्या. “खोटं काहीच नव्हतं गं त्यात,” चिंदरकर म्हणाले, “तेच तर.”

महिन्याभरात दोघं बोटीवर राहायला गेली. घराला कुलूप लागलं. घर चौदा फुटांवर होतं. स्वयंपाकघर वरच होतं आणि त्याला खिडकी होती, त्यामुळे शालनताईंना तक्रारीला जागा नव्हती. थोरली स्वभावाने चांगली होती. दुपारी जेवणं झाली की झोपायची. चिंदरकर धाकटीच्या धडात झोपत, कारण तिथे वारा जास्त होता.

फाल्गुनात शालनताई खिडकीतून म्हणाल्या, “अहो, गावड्यांची जास्वंद कुठे गेली?”

जास्वंद जागेवर होती. खिडकी सरकली होती. चिंदरकरांनी जमिनीवर खडूने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी धाकटी रेघेच्या चार बोटं पुढे होती. थोरली होती तिथेच.

दुपारी, थोरली झोपल्यावर, ते धाकटीच्या कठड्याला टेकून हळूच म्हणाले, “तू ओढतेस का?”

“रोज थोडं,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. “मला पाहण्याच्या दिवशी कोणी विचारलंच नाही. तुम्हाला तरी कुठे विचारलं?”

एकच धड ओढत असल्यामुळे बोट पुढे जात नव्हती, थोरलीभोवती फिरत होती. चिंदरकरांनी सुतळी घेतली, माप घेतलं आणि गणित मांडलं. रोज चार बोटं, म्हणजे सव्वा वर्षात एक फेरी. त्याच रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी वेळापत्रक तयार करून स्वयंपाकघरात लावलं. फणस चैत्रात. गावड्यांचं मागचं दार वैशाखात. जुनं घर ज्येष्ठात. आणि भाद्रपद वद्य पंचमीपासून तीन दिवस, गावड्यांच्या दोन पोफळींच्या मधून, समुद्र.

गावड्यांनी वैशाखात लेखी तक्रार केली की, बोटीची मागची बाजू आमच्या दारात आली आहे. चिंदरकरांनी लेखी उत्तर दिलं की, ती एकोणीस दिवसांत पुढे जाईल. ती अठरा दिवसांत गेली. गावड्यांनी येऊन दिलगिरी व्यक्त केली.

ज्येष्ठात त्यांच्या जुन्या घराचं दार खिडकीसमोर आलं, तेव्हा शालनताईंनी दोन दिवस ते निरखून पाहिलं. “आपलं घर बाहेरून बरं दिसतं हो,” त्या म्हणाल्या. “मी कधी पाहिलंच नव्हतं.”

भाद्रपदात, पंचमीच्या सकाळी, शालनताईंनी हाक मारली. पोफळींच्या मधे समुद्र आला होता. दोन बोटं रुंद असेल, त्याहून जास्त नाही. चिंदरकर चहाचा कप घेऊन खिडकीशी बसले ते उठलेच नाहीत. जेवण तिथेच झालं. आपण हलतो आहोत आणि समोर पाणी आहे, एवढ्यानेच त्यांच्या छातीत इतकं भरून आलं की, शालनताईंनी विचारलेल्या मिठाच्या बरणीबद्दल त्यांना काही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीला लवकर जाग आली.

“चिंदरकर, काल जेवायलाही खिडकीपासून उठला नाहीत. बरं नाही का?”

“समुद्र आला आहे,” ते म्हणाले.

“किती दिवस?”

“उद्यापर्यंत.” आणि मग, आबा तिथे नव्हते म्हणा किंवा वय झालं म्हणून म्हणा, ते बोलून गेले. “थोरल्या बाई, मला जायचं होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हसलो.”

फणसावर कावळा ओरडत होता. धाकटीने ओढणं थांबवलं होतं.

“तेव्हा सांगितलं असतंत तर आम्ही नकार दिला असता.”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“माझ्याने आता पाण्यात जाणं व्हायचं नाही,” थोरली म्हणाली. “सांधे धरलेत. खोटी आशा लावणार नाही.”

“नको,” चिंदरकर म्हणाले.

“ती दुपारची ओढते, ते मला ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून. झोप अशी येते कुठे मला!” थोरली म्हणाली. मग पुलापलीकडे आवाज चढवून तिने हाक मारली. “धाकटे, ऐकतेस ना? इथे एवढी घाई करू नकोस. यांचं पाहून होईपर्यंत रोज बोटभरच ओढ.”

धाकटी बोट बोट ओढू लागली. चिंदरकरांनी वेळापत्रकावर तीनची खाडाखोड करून बारा लिहिलं आणि शेजारी सही केली. त्या फेरीला समुद्र बारा दिवस राहिला. तेराव्या दिवशी विहीर आली.