वारा धरून उणे पस्तीस

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी एक कागद चिकटवलेला असायचा. त्यावर स्केचपेनने, इंग्रजी मोठ्या अक्षरांत हवामान लिहिलेलं असायचं. 'जोरदार हिमवृष्टी. सोसाट्याचा वारा. कडाक्याची थंडी. कामाशिवाय घराबाहेर पडू नये.' लिफ्टचा पंखा बंद, आत पाच माणसं, आणि पाचही जणांचे शर्ट पाठीला चिकटलेले. इमारत दोह्यात, नजमा भागात. महिना नोव्हेंबर.

कागद लावणारे गृहस्थ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे पास्कल लोपीस. मूळचे वसईचे, एका इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात कारकून. हवामान असायचं कॅनडातल्या विनिपेगचं. तिथे त्यांचा एकुलता एक मुलगा मेल्विन लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. कागदावर गावाचं नाव लिहायची पास्कलभाऊंना गरज वाटत नसे. चौथ्या मजल्यावर एक इजिप्शियन कुटुंब नवीन आलं, त्यांनी पहिल्याच दिवशी तो कागद वाचून मुलांना शाळेत पाठवलं नाही. दुपारी ते गृहस्थ गच्चीवर उभे राहून आकाशाकडे बघत होते. आकाशात एक ढग नव्हता.

मी हे सगळं मजेत सांगतोय असं समजू नका. या माणसाने मला दोनशे ब्लँकेटांखाली गाडलंय.

माझं नाव मोहिते. कराडहून ड्रायव्हर म्हणून आलो, आठ वर्षं दुसऱ्याच्या गाड्या हाकल्या. मग इंडस्ट्रियल एरियात, कामगारांच्या कँपांच्या तोंडाशी चादरी-ब्लँकेटांचं दुकान टाकलं. पाटीवर नाव कफिलाचं, म्हणजे कतारी जामीनदाराचं, घाम माझा. मला कोणी काही शिकवलं नाही, एक गोष्ट मात्र मी स्वतः शिकलो. समोरचा जो आकडा सांगेल, त्याचा निम्मा खरा. घाऊकवाल्याने चाळीस म्हटलं की मी वीस ऐकतो. डॉक्टरने आठ दिवसांचं औषध दिलं की चार दिवस घेतो. या एका सवयीवर मी उभा राहिलो, आणि याच सवयीने पास्कलभाऊंच्या बाबतीत माझा घात केला. ते पुढे येईलच.

पास्कलभाऊ आकड्यांच्या बाबतीत बरोबर माझ्या उलट. मी कापायचो, ते चढवायचे.

"मोहिते, आज उणे बावीस," ते जिन्यात भेटून सांगायचे.

"अरे बापरे."

"अरे बापरे काय? उणे बावीस हे थर्मामीटरचं म्हणणं. थर्मामीटर भिंतीला टांगलेला असतो, त्याला काय कळतंय! वारा धरून उणे पस्तीस. अंगाला लागतं ते खरं."

'वारा धरून' हा त्यांचा मंत्र होता. तो ते कुठेही लावायचे. मासळी बाजारात हमूरचा भाव विचारायचे आणि मला बाजूला घेऊन म्हणायचे, "सोळा रियाल सांगतोय. टॅक्सी, साफसफाई, वारा धरून पंचवीस." साहेबाबद्दल म्हणायचे, "वय पंचेचाळीस. वारा धरून सत्तर." एकदा मी त्यांचंच वय विचारलं. "छप्पन," ते म्हणाले. मग जरा थांबून, "वारा धरून विचारू नका."

बरं, हवामानाचं वेड एक वेळ समजू शकतो. माझ्या डोक्यात तिडीक जायची ती दुसऱ्याच गोष्टीने. तिकडचं हवामान जितकं वाईट, तितका हा माणूस इथे खूश. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वादळाचा अंदाज दिसला की त्या संध्याकाळी घरी येताना खजुराचा डबा घेऊन यायचे. दाढी गुळगुळीत. वॉचमनला खजूर, इजिप्शियनच्या मुलांना खजूर, मला खजूर.

"घ्या मोहिते. शुक्रवारी ब्लिझार्ड. देवाची कृपा."

"पोरगा तिथे गोठतोय आणि तुम्ही इथे खजूर वाटताय?"

"घ्या हो, बी नसलेला आहे."

आणि उद्या तिकडे स्वच्छ ऊन आहे, असं दिसलं की चेहरा असा, की घरात कोणी गेलंय की काय. "निरभ्र आकाश," ते म्हणायचे आणि जिना उतरायला लागायचे.

"मग चांगलं आहे की, पास्कलभाऊ."

"काय चांगलं? रस्ते सगळे मोकळे!"

रस्ते मोकळे असण्याचं दुःख करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. बर्फ काढणाऱ्या गाड्यांवर तर त्यांचा विशेष राग होता. तिथली म्युनिसिपालिटी म्हणे पहाटेपासून रस्त्यावर असते. "पैसा जास्त झालाय," ते म्हणायचे. "पडलाय तर पडू दे ना जरा! लगेच काय खरवडायची घाई?" उन्हाळ्यात विनिपेगचा बर्फ वितळला की लिफ्टमधला कागद बंद व्हायचा, आणि ऑक्टोबरपर्यंत पास्कलभाऊ बोलायचेसुद्धा कमी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आम्ही म्हणायचो, एकटा माणूस आहे, थोडा सरकलाय. वारा धरून बराच सरकलाय, असं मी म्हणायचो, आणि सगळे हसायचे.

तर ब्लँकेटं.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला मी घाऊकवाल्याकडे माल बघितला. कोरियन ब्लँकेटं, वाघाचं चित्र, एकेक साडेचार किलोचं. दोह्यातली थंडी म्हणजे तशी चादरीवर भागणारी, पण एखाद्या वर्षी उत्तरेचा वारा, ज्याला इथे शमाल म्हणतात, चार दिवस लागून वाहतो, आणि मग कँपातली माणसं पत्र्याच्या खोल्यांत कुडकुडतात. तसा वारा आला तर दोनशे ब्लँकेटं दोन दिवसांत संपतील. नाही आला, तर वाघ माझ्या अंगावर. घ्यायचं की नाही?

मी पास्कलभाऊंना गाठलं. साफ विचारलं. "विनिपेग सोडा. इथलं सांगा. दोह्याचं."

त्यांच्या हातात खजुराचा डबा होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. "इथे पण!" ते म्हणाले. "यंदा सगळ्या जगात लाट आहे, मोहिते. थंडी, वारा, बर्फ! इन्शाल्ला, काही राहणार नाही!"

मी मूर्ख नाही. दोह्यात बर्फ पडणार नाही, हे मला कळतं. मी माझ्या सवयीप्रमाणे आकडा कापला. बर्फ वजा. वारा निम्मा. थंडी निम्मी. तरीसुद्धा दोनशे ब्लँकेटं जातील एवढी थंडी उरत होती. घाऊकवाल्याला इतका पिळून घेतला, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, "खलास. इस भाव में माल वापस नहीं लूँगा." मी म्हटलं, कोणाला परत करायचंय!

त्या जानेवारीत कँपातली माणसं बनियनवर झोपली. माझ्या दुकानासमोर उभं राहून एक बिहारी गवंडी वाघाकडे बघून म्हणाला, "सेठ, इसको पंखा लगाओ, बेचारे को गर्मी हो रही है." सगळी रांग हसली. मी त्या गवंड्याला काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारी दुकान चार वाजता उघडायच्या आधी मी एक ब्लँकेट उचललं आणि थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. काय बोलायचं ते जिन्यात पाठ केलं होतं. ब्लँकेट त्यांच्या मांडीवर टाकायचं आणि म्हणायचं, 'घ्या, पांघरा तुमची लाट!' त्यापुढचे शब्द आणखी कडक होते.

दार उघडंच होतं. पास्कलभाऊ टेलिफोनसमोर खुर्ची ओढून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, घरात असून पायात बूट. एका नाण्याने फोनकार्डावरचा नंबर खरवडत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सोफ्याकडे हात केला.

"पाच मिनिटं, मोहिते. ब्लिझार्ड आलंय. हायवे बंद झालाय."

मी वाघ मांडीवर घेऊन बसलो. टेलिफोनशेजारी एक कागद होता, लिफ्टमधल्यासारखाच, स्केचपेनने लिहिलेला. पण त्यावर हवामान नव्हतं. 'गुडघा. वसईच्या घराचे पत्रे. ईथनचा दात. मम्मीसाठी चर्चमधली मास, तारीख.' एकाखाली एक, परीक्षेला जाणाऱ्या पोरासारखं.

त्यांनी नंबर फिरवला. रिंग जात असताना ते ताठ बसले होते.

"हॅलो? मेल्विन? मीच, डॅडी. हायवे बंद ना? मला माहीत होतं! मंगळवारपासून बघतोय मी. ट्रक उभा आहे ना? मग घरीच आहेस ना? बस, बस, आरामात बस. कॉफी घे. ईथन कुठाय? दे त्याला."

रिसीव्हर त्यांनी कानापासून जरा दूर धरला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"हॅलो बाबू! ग्रँडपा बोलतो. स्नो किती पडला?"

"लॉट्स!" आतून बारीक आवाज आला, आणि काहीतरी आपटून तो आवाज पळाला.

"लॉट्स म्हणतो," पास्कलभाऊंनी मला सांगितलं, जणू मी बहिरा. मग कागदावर पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. "हां मेल्विन, ऐक ना. माझा गुडघा जरा..."

ते थांबले.

"काय? इतक्यात? अरे, पण आत्ताच तर... गाडी आली पण? नाही, नाही. उघडतायत तर जा. काम आहे तर जायलाच पाहिजे. मी आपलं सहज लावला होता. टोपी घाल. आणि नुसता थर्मामीटर बघू नकोस, वारा धरून..."

बाकीचं त्यांनी कोणाला सांगितलं ते मला कळलं नाही, कारण फोन बंद झाल्याचा तो टूं-टूं आवाज सोफ्यापर्यंत येत होता. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली, आणि खिशात ठेवली.

"खरवडला," ते म्हणाले. "दोन तासांत खरवडला रस्ता. काय माणसं आहेत!"

पाठ केलेलं सगळं जिन्यात कुठेतरी राहिलं होतं.

"एरवी तो ट्रकवर असतो," ते शर्टाची बाही सारखी करत म्हणाले. "नाहीतर झोपलेला. सून चांगली आहे, पण ती तरी किती वेळा म्हणणार, 'डॅडी, ही इज स्लीपिंग.' हायवे बंद झाला की मात्र घरी सापडतो. हिवाळ्यात चार-पाच मोठी वादळं धरा."

मी सवयीने निम्मी कापली. दोन उरली.

मग त्यांचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. "हे काय आणलंत?"

"ब्लँकेट."

त्यांनी वाघावरून उलटा हात फिरवला. "जाड आहे. मेल्विनला पाठवता येईल. ट्रकमध्ये मागे झोपतो तो. काय घ्याल?"

मी पूर्ण किंमत सांगितली. मी काही संत नाही, आणि एकशे नव्याण्णव वाघ अजून दुकानात होते. त्यांनी घासाघीस केली नाही. पाकीट काढलं, मोजून दिले. मी ते न मोजता खिशात टाकले आणि उठलो.

पास्कलभाऊ दारापर्यंत आले. खजुराचा डबा माझ्यापुढे धरला.

"पण आज चांगला बोलला, नाही?" ते म्हणाले. "दहा मिनिटं तरी झाली."

त्यांच्या टेलिफोनवरच भिंतीला घड्याळ होतं. नंबर फिरवताना मी बघितलं होतं, आणि रिसीव्हर ठेवतानाही. आकडा बघून ठेवायची मला सवयच आहे. चार मिनिटं.

मी एक खजूर घेतला.

"दहा तर झालीच," मी म्हणालो. "वारा धरून पंधरा."